ज्ञात्यावाचून प्रामाण्य : वनस्पतीतील कालमापनाविषयी

काळाचे ज्ञान कोणाला होते, या प्रश्नाचा विचार भारतीय दर्शनांनी पुष्कळ केला. परंतु काळ जाणणारा कोणी ज्ञाता आधीच हजर आहे, हे त्या विचारात बहुतेक ठिकाणी गृहीतच धरलेले आढळते. वैशेषिकांच्या मते काळ हे नऊ द्रव्यांपैकी एक, नित्य आणि सर्वव्यापी असे द्रव्य होय. ते इंद्रियांना दिसत नाही, पण ‘हे आधीचे, ते नंतरचे’, ‘ही दोन्ही एकाच वेळी घडली’, ‘हे लवकर झाले, ते उशिरा’ अशा ज्या प्रतीती होतात, त्यांवरून त्याचे अनुमान करता येते, असे प्रशस्तपाद सांगतात. पुढे सोळाव्या शतकात रघुनाथ शिरोमणींनी काळाचे स्वतंत्र द्रव्यत्व नाकारून त्याला ईश्वरातच सामावून घेतले, तरी ज्याला प्रतीती होते तो आत्मा त्यांनाही हवाच होता. युरोपात इमॅन्युएल कांट याने १७८१ मध्ये काळ हा वस्तूंचा धर्म नसून अनुभव घेणाऱ्याच्या संवेदनशक्तीचा आकार आहे, असे प्रतिपादन केले. तेव्हा काळ बाहेरून आत आला खरा, पण ज्याच्या आत आला तो पुन्हा अनुभव घेणारा मनुष्यच होता. ज्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, ज्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी प्रतीती होते असे म्हणायला काहीही आधार नाही, अशा जीवाने जर काळ मोजला, आणि तो मोजताना बरोबर किंवा चूक ठरण्याची शक्यताही त्याच्या ठिकाणी असली, तर या सर्व विवेचनात कोणती दुरुस्ती करावी लागेल? वनस्पतींच्या पेशींत जनुकांच्या क्रियेवर चालणाऱ्या दैनिक घड्याळाचा गेल्या चार दशकांत जो उलगडा झाला आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ कल्पनेतला राहिलेला नाही.

काही झाडांची पाने दिवसा पसरतात आणि रात्री मिटतात, ही गोष्ट चिंच किंवा शिरीष पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते, आणि तिचे सरळ स्पष्टीकरण असे की पाने उजेडाला प्रतिसाद देतात. १७२९ मध्ये झाँ-झाक दॉर्तू द मेराँ या फ्रेंच ज्योतिर्विदाचा जो प्रयोग पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला, त्याने या स्पष्टीकरणाला पहिला धक्का दिला. लाजाळूच्या जातीचे रोप पूर्ण अंधारात ठेवले तरी त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. यावरून रोपाच्या आत घड्याळ आहे असा निष्कर्ष मात्र लगेच निघत नाही, कारण उष्णता, हवेतील ओलावा किंवा अन्य एखादी अज्ञात खूण अंधारातही रोपापर्यंत पोचत असेल, असे म्हणायला जागा उरते. ही जागा ज्या निरीक्षणाने संपवत आणली, ते शंभर वर्षांनंतरचे आहे. ऑग्युस्तँ द कांदोल याने १८३२ मध्ये असे नोंदवले की अखंड उजेडात ठेवलेल्या लाजाळूची लय चालू राहते, परंतु तिचे एक आवर्तन २४ तासांचे नसून २२ ते २३ तासांचे असते. प्रत्येक दिवशी रोप तासा-दोन तासांनी पुढे सरकत जाते आणि काही दिवसांत बाहेर मध्यरात्र असताना त्याची सकाळ होते.

या निरीक्षणातील युक्तिवाद तर्कशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा आहे आणि त्याकडे सहसा पुरेसे लक्ष दिले जात नाही. रोप जर बाहेरच्या कोणत्याही खुणेवर विसंबून असते, तर ती खूण पृथ्वीच्या परिवलनाशी बांधलेली असल्यामुळे लय बरोबर २४ तासांचीच राहिली असती. ती तशी राहत नाही, म्हणून तिचे मूळ रोपाच्या आतच असले पाहिजे. म्हणजे घड्याळ रोपाचे स्वतःचे आहे, हे त्याच्या अचूकपणामुळे नव्हे, तर त्याच्या चुकण्यामुळे सिद्ध होते. एर्विन ब्युनिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात घेवड्याच्या जातीच्या, वेगवेगळा आवर्तकाल असलेल्या रोपांचा संकर करून पाहिला, तेव्हा संततीचा आवर्तकाल दोहोंच्या दरम्यान आला. चुकण्याचे प्रमाणदेखील वंशपरंपरेने मिळते, हे त्यावरून उघड झाले. जे वारशाने मिळते त्याचा शोध जनुकांत घ्यायचा, ही पुढची पायरी होती, पण ती चढायला अर्धे शतक लागले.

जनुकातील माहितीची आरएनएच्या रूपात नक्कल होणे याला प्रतिलेखन म्हणतात, आणि कोणत्या जनुकाचे प्रतिलेखन केव्हा व किती होते यालाच स्थूलमानाने जनुकाची क्रिया असे म्हटले जाते. प्रकाश गोळा करणाऱ्या एका प्रथिनाचा आरएनए वाटाण्याच्या रोपात सूर्योदयापूर्वीच वाढू लागतो आणि अखंड परिस्थितीतही ही चढउतार टिकते, हे १९८५ मध्ये दिसून आले. दहा वर्षांनी अँड्र्यू मिलर, स्टीव्ह के आणि त्यांचे सहकारी यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपात त्याच प्रकारच्या जनुकाच्या प्रवर्तक भागाला, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाला, काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या विकराचे जनुक जोडले. त्यामुळे जनुकाची क्रिया वाढली की रोप मंदपणे उजळे आणि घटली की विझे. अशा हजारो रोपांतून ज्यांची लय बिघडलेली होती ती वेगळी काढता आली, आणि त्यांतच सुमारे २१ तासांच्या आवर्तकालाचे ते उत्परिवर्तित रोप सापडले, ज्यावरून टीओसी-१ या जनुकाचा शोध लागला.

आज जे चित्र स्वीकारले जाते ते थोडक्यात असे. पहाटेच्या सुमारास सीसीए-१ आणि एलएचवाय ही दोन प्रथिने भरपूर प्रमाणात तयार होतात, आणि संध्याकाळी सक्रिय व्हायच्या जनुकांच्या नियंत्रक भागात नऊ अक्षरांचा जो ठरावीक क्रम असतो, त्यावर बसून ती त्या जनुकांना दाबून ठेवतात. टीओसी-१ हेही त्यांपैकीच एक होय. दिवस चढेल तशी ही दोन्ही प्रथिने नष्ट होत जातात आणि एकामागून एक येणारी दुसरी प्रथिने, ज्यांच्या मालिकेत टीओसी-१ सर्वांत शेवटी येते, सीसीए-१ आणि एलएचवाय यांच्या जनुकांना दाबतात. सूर्यास्ताच्या आसपास ईएलएफ-३, ईएलएफ-४ आणि लक्स या तीन प्रथिनांचा समूह दिवसाच्या मालिकेतील जनुकांवर दाब आणतो, रात्री टीओसी-१ चेही विघटन होते, आणि सर्व दाब सरल्यावर पहाटेची जनुके पुन्हा जागी होतात. टीओसी-१ हे पहाटेच्या जनुकांना चालना देते, असे २००१ पासून सुमारे दशकभर मानले जात होते. ते चालना देत नाही, दाबते, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. ही दुरुस्ती तपशिलाची वाटली तरी तिचा अर्थ मोठा आहे, कारण तिच्यामुळे हे घड्याळ मुख्यतः परस्परांना थांबवणाऱ्यांचे चक्र ठरले. त्यात चालना देणारे घटकही आहेत, पण लयीचा कणा निषेधांचा आहे.

या चक्रावर नैयायिक एक आक्षेप घेईल. पहाटेची प्रथिने संध्याकाळच्या प्रथिनांचे प्रमाण ठरवतात आणि संध्याकाळची पहाटेच्या. तेव्हा हा अन्योन्याश्रय झाला, आणि अन्योन्याश्रय हा दोष आहे, कारण त्यात कोणत्याच बाजूला स्वतंत्र आधार राहत नाही. परंपरेने या आक्षेपाचे उत्तरही वनस्पतीच्याच दृष्टांतात देऊन ठेवले आहे. बीजातून अंकुर आणि अंकुरापासून पुन्हा बीज ही परंपरा दोषरूप मानली जात नाही, कारण ज्या बीजातून हा अंकुर आला तेच बीज या अंकुरापासून होत नाही. दोहोंमध्ये काळ गेलेला असतो. पेशीतील चक्राचेही हेच आहे. प्रतिलेखन होणे, प्रथिन तयार होणे, ते केंद्रकात पोचणे, त्याचे विघटन होणे, या प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि त्या विलंबांमुळेच परस्परनिषेध साम्यावस्थेत गोठून न जाता फिरत राहतो. येथे काळाचे वैशेषिकांनी सांगितलेले निमित्तकारणत्व, म्हणजे प्रत्येक कार्याच्या उत्पत्तीला काळाची साथ असणे, फार ठोस अर्थाने दिसते. विलंब काढून टाकला तर घड्याळच उरत नाही.

या चक्राची सत्ता पेशीत किती दूरवर पोचते, हे २००० नंतर क्रमाने समजत गेले. स्टेसी हार्मर आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी सुमारे ८,२०० जनुके एकाच वेळी तपासली, तेव्हा त्यांपैकी ६ टक्क्यांच्या आसपास जनुकांत दैनिक लय आढळली. पुढच्या विश्लेषणांत सक्रिय जनुकांपैकी सुमारे एक-तृतीयांश जनुके घड्याळाच्या अधीन असल्याचे दिसले. संख्येपेक्षा क्रम अधिक बोलका आहे. अतिनील किरणांपासून पानाचे रक्षण करणारी द्रव्ये बनवणारी जनुके सूर्य उगवण्यापूर्वी जोरात असतात, तर प्रकाशसंश्लेषणाची जनुके दिवसा. अरॅबिडॉप्सिसवर पडणाऱ्या केवड्यासारख्या रोगाच्या बुरशीसदृश जंतूविरुद्धची काही संरक्षक जनुकेही सीसीए-१ च्या नियंत्रणाखाली पहाटेच्या सुमारास, म्हणजे त्या रोगाचे बीजाणू पसरण्याच्या वेळेच्या बेताने, तयारीत असतात, असे २०११ मध्ये दाखवले गेले. जे अजून घडलेले नाही त्यासाठी तयारी, असे या सर्वांचे स्वरूप आहे.

या तयारीला अपेक्षा म्हणावे काय? वैशेषिकांनी संस्कार नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : गतिमान पदार्थातील वेग, वाकवलेली फांदी सोडताच पूर्ववत करणारा स्थितिस्थापक, आणि अनुभवातून उरून पुढे स्मरण घडवणारी भावना. पहिले दोन जड द्रव्यांत असतात आणि तिसरी केवळ आत्म्यात, अशी त्यांची काटेकोर वाटणी आहे. जनुकीय घड्याळाने ही वाटणी अवघड करून ठेवली आहे. ते पूर्णतः जड घटकांचे बनलेले आहे, तरीही गेलेल्या दिवसांचा ठसा बाळगून येणाऱ्या दिवसाला अनुरूप असे काहीतरी करते, म्हणजे भावनेचे कार्य करते. आणि तो ठसा एका रोपाच्या अनुभवाचा नसून असंख्य पिढ्यांच्या निवडीतून आलेला आहे. आत्म्यावाचून भावना असू शकत नाही, असा आग्रह धरायचा असेल तर या कार्याला चौथे नाव शोधावे लागेल. केवळ वेग म्हणून ते बाजूला सारता येत नाही, कारण वेग कधी भविष्याच्या बाबतीत चुकत नाही.

चुकणे हाच या विवेचनाचा मध्यबिंदू आहे. अरॅबिडॉप्सिस दिवसा स्टार्च साठवते आणि रात्री ते हळूहळू खर्च करून जगते. नॉर्विच येथील जॉन इनिस सेंटरमधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की हा खर्च इतक्या समान गतीने होतो की पहाटेपर्यंत साठ्यापैकी सुमारे ९५ टक्के वापरला जातो, आणि एखाद्या दिवशी अंधार चार तास आधीच केला तर रोप खर्चाची गती कमी करून तोच साठा वाढलेल्या रात्रीला पुरवते. ही काटकसर कशाच्या आधारावर चालते, हे रोपांना २८ तासांच्या कृत्रिम दिवसात ठेवल्यावर कळले. आदल्या पहाटेपासून २४ तास होताच, म्हणजे जेव्हा त्यांच्या घड्याळाप्रमाणे उजाडायला हवे होते तेव्हा, त्यांचा साठा संपला. उजेड मात्र आला नाही आणि उरलेला काळ रोपांनी उपासमारीत काढला. १७ तासांच्या दिवसात याउलट साठा वापरायचा राहून गेला. केंब्रिज येथे अँटनी डॉड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर या विषयाचा कळसच म्हणावा लागेल. ज्या उत्परिवर्तित रोपांचे घड्याळ मंद होते ती २८ तासांच्या दिवसात अधिक चांगली वाढली, ज्यांचे घड्याळ जलद होते ती २० तासांच्या दिवसात. सर्वसामान्य रोपांत हरितद्रव्य, कार्बनचे ग्रहण आणि वाढ ही तिन्ही २४ तासांच्या दिवसात अधिक होती. कोणतेही घड्याळ स्वतःमध्ये बरोबर किंवा चूक नव्हते. जगाशी त्याची जुळणी होते की नाही, यावर सारे अवलंबून होते.

आता न्यायशास्त्राकडे पुन्हा वळल्यास आश्चर्यकारक साम्य दिसते. ज्ञान यथार्थ आहे हे ज्ञानाच्या बाहेरून कळते, आणि ते कळण्याची मुख्य खूण म्हणजे त्या ज्ञानावर आधारलेली प्रवृत्ती सफल होणे, असे वात्स्यायनांपासून नैयायिक सांगत आले; दुरून दिसलेले पाणी खरे होते हे तहान भागल्यावर ठरते. मीमांसकांनी याविरुद्ध असे मांडले की ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक ज्ञान येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवूनच व्यवहार चालतो. वनस्पतीच्या घड्याळात या दोन्ही मतांना आपापली जागा सापडते. रात्रभर ते बाहेरच्या पुराव्याची वाट न पाहता स्वतःच्या हिशेबाने चालते, ही मीमांसकांची बाजू. पहाटेचा प्रकाश फायटोक्रोम आणि क्रिप्टोक्रोम या प्रकाशग्राही प्रथिनांद्वारे पेशीत पोचून त्याची वेळ रोज थोडी पुढे-मागे करतो, हा बाधक. आणि हरितद्रव्य वाढणे किंवा उपासमार होणे ही प्रवृत्तीची सफलता व विफलता. प्रामाण्याची म्हणून जी रचना सांगितली गेली ती जवळजवळ संपूर्ण येथे उपस्थित आहे. नाही तो फक्त प्रमाता.

यावर असे म्हटले जाईल की भिंतीवरचे घड्याळही मागे-पुढे होते आणि म्हणून तेही प्रमाण-अप्रमाण मानावे लागेल. परंतु भिंतीवरचे घड्याळ मागे पडले तर गाडी चुकते ती माणसाची. घड्याळाचे काही बिघडत नाही. रोपाचे घड्याळ चुकले तर उपासमार रोपाचीच होते, कारण घड्याळ ज्या पेशींत आहे त्याच पेशी त्या हिशेबावर जगतात. हा भेद आणखी स्पष्ट करणारा प्रयोग ताकाओ कोंदो यांच्या नागोया येथील गटाने २००५ मध्ये केला. निळ्या-हिरव्या जीवाणूंतील तीन प्रथिने आणि ऊर्जेसाठी एटीपी एवढेच परीक्षानळीत एकत्र केल्यावर, जनुकांची कोणतीही क्रिया नसताना, सुमारे २४ तासांची लय तेथे चालू राहिली. वनस्पतींचे घड्याळ वेगळ्या घटकांचे आहे, तरी या प्रयोगाने दोन गोष्टी शिकवल्या : लयीला जनुके अनिवार्य नाहीत, आणि लय म्हणजे प्रामाण्य नव्हे. परीक्षानळीतील लय २० तासांची झाली काय किंवा ३० तासांची झाली काय, तिला चूक म्हणण्याचे कारण नाही, कारण तिच्यावर कोणाचे जगणे अवलंबून नाही. चूक होण्यासाठी जाणीव लागत नाही, पण पणाला लागलेले जीवन लागते, हाच या लेखाचा मुख्य सिद्धांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नैसर्गिक निवडीने असे सांगता येते की ज्यांची लय जुळली ती रोपे टिकली, आणि मग यथार्थता, अपेक्षा वगैरे शब्द केवळ सोयीचे ठरतात; कांटनेही १७९० मध्ये सजीवांतील हेतुमत्ता ही वस्तूंत नसून विचार करणाऱ्याच्या निर्णयशक्तीत आहे, असेच म्हटले होते. या आक्षेपात तथ्य आहे, मात्र त्याने जे सिद्ध होते ते वाटते तेवढे नाही. निवडीने ही जुळणी कशी आली हे सांगितले, पण जी आली ती जुळणीच आहे, आणि ‘जुळणी’ हा शब्द वापरताच कशाशी, कोणाची आणि कोणासाठी हे प्रश्न आपोआप येतात. उत्पत्तीचे कारण सांगितल्याने उत्पन्न झालेल्या गोष्टीचे स्वरूप नाहीसे होत नाही.

तथापि या साम्यावरून वनस्पती सचेतन आहेत, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजांना सांगतात की वेल वाट काढत झाडाला वेढते त्या अर्थी झाडे पाहतात, मुळांनी पाणी पितात त्या अर्थी त्यांना रसना आहे. जैन परंपरेने त्यांना स्पर्श हे एकच इंद्रिय दिले आणि त्यावर आपल्या अहिंसेची बारीक वीण गुंफली. ही करुणा आदरणीय आहे, पण वर्तनावरून इंद्रिय आणि इंद्रियावरून ज्ञाता ही अनुमानाची साखळी दुसऱ्या कडीशी तुटते, कारण घड्याळाने दाखवल्याप्रमाणे बरोबर आणि चूक हा भेद ज्ञात्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो. बंगालमधील फरीदपूरच्या एका खजुरीची कथा येथे आठवण्यासारखी आहे. संध्याकाळी देवळातील घंटा वाजण्याच्या वेळी ती झुके आणि सकाळी पुन्हा उभी राही, म्हणून लोक तिच्यापुढे नवस बोलत; जगदीशचंद्र बोस यांनी तिच्या हालचालीचे सतत मापन करून तिचा संबंध दिवसाच्या तापमानाशी आहे, हे दाखवले. सर्व जीवसृष्टीच्या एकत्वावर बोस यांची मनापासून श्रद्धा होती, तरी झाड प्रार्थना करते असे म्हणण्यापूर्वी त्यांनी मोजून पाहिले. श्रद्धेला यामुळे उणेपणा आला नाही.

प्रामाण्य जीवनाशी बांधलेले असेल तर ते स्थळाशीही बांधलेले असणार. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळचे. लागवडीच्या टोमॅटोचे घड्याळ त्यांच्यापेक्षा मंद आहे, आणि हे मंदपण मानवी लागवडीच्या ओघात निवडले गेले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. गव्हाची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. गव्हाचे मूळ रोप दिवस पुरेसा लांब झाला की नाही हे आपल्या घड्याळाशी ताडून पाहते आणि मगच फुलावर येते. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी वेगवेगळ्या अक्षांशांवर आळीपाळीने वाढवून जी वाणे तयार केली, त्यांत दिवसाच्या लांबीची पर्वा न करण्याचा गुण होता, आणि १९६० च्या दशकात ती भारतात आली. या गुणामागचे प्रमुख जनुक टीओसी-१ च्याच कुटुंबातले आहे. त्याच्या नियंत्रक भागातील सुमारे दोन हजार अक्षरांचा तुकडा गळाला असून, त्यामुळे त्याच्या क्रियेची दिवसभरातील नेहमीची चढउतार बिघडते आणि लांब दिवसाची वाट न पाहता फुलण्याची आज्ञा सुटते, हे २००७ मध्ये कळले. जंगली गवताच्या दृष्टीने ही चूक आहे, आणि थंड प्रदेशातील रानात तिने रोपाचा घात केला असता. पंजाबच्या शेतात मात्र तिच्यामुळेच पीक वेळेवर तयार होते, माणूस ते बी राखतो, पुढल्या वर्षी पेरतो, आणि चुकीचे घड्याळ असलेल्या त्या वंशाची रोपे बरोबर घड्याळ असलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक जमीन व्यापतात. येथे प्रवृत्ती रोपाची आहे, फलाचा निवाडा माणसाचा आहे, आणि तरीही ते फल फिरून रोपाच्याच वंशाला मिळते. तेव्हा हे घड्याळ आता प्रमाण म्हणायचे की अप्रमाण, याचे उत्तर देताना नैयायिकाला एकाच प्रवृत्तीचे दोन भागीदार मानावे लागतील, आणि त्यांपैकी ज्ञाता फक्त एकच असेल.